‘बाई येणार नाही’ हा फोन कोणाला येतो?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा आला आहे. नवरा-बायको दोघेही पूर्णवेळ नोकरी करतात तेव्हा स्वयंपाक, धुणी-भांडी आणि मुलांचा सांभाळ यांपैकी काय पैसे देऊन करून घ्यावे, कोणाकडून करून घ्यावे आणि कोणत्या अटींवर, हा तो विषय. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून या वेळी पाच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ३२ वर्षांची आहे आणि हिंजवडीत नोकरी करते. माझे पती चाकणच्या कारखान्यात आहेत. मुलगी सात महिन्यांची आहे आणि माझी सगळी रजा पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपते. सासूबाई साताऱ्याला असतात. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना मूल उचलणे झेपत नाही. माझी आई शिक्षिका असून तिची चार वर्षे नोकरी बाकी आहे. दिवसभर मुलीला सांभाळणारी बाई १८,००० रुपये मागते, स्वयंपाकाच्या मावशींचे ६,००० आणि धुणी-भांडी, केर-लादीचे ४,५०० होतात. माझा पगार हातात ६२,००० येतो, पतींचा ७८,०००. म्हणजे जवळजवळ निम्मा पगार यातच जाणार. सासूबाई म्हणतात, तान्हे लेकरू परक्याच्या हाती देऊ नये, दोन वर्षे घरी बस. बाई ठेवावी, पाळणाघर बघावे, की नोकरीच सोडावी? – एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे हिशेब चुकीच्या खात्यावर मांडला गेला आहे. महिन्याचे २८,५०० रुपये तुम्ही तुमच्या एकटीच्या पगारातून वजा केले आहेत. मुलगी दोघांची आणि घरही दोघांचे, तेव्हा ही रक्कम दोघांच्या मिळून येणाऱ्या १,४०,००० रुपयांतून वजा करायला हवी आणि तशी केली की ती साधारण पाचव्या हिश्श्याएवढी भरते. ‘आईच्या पगारातून बाईचा पगार’ ही मांडणी आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की शिकलेल्या, हिशेबात चोख असलेल्या मुलीही ती न तपासता स्वीकारतात आणि मग नोकरी करण्याचा अर्थच काय, असे स्वतःला विचारू लागतात. शिवाय नोकरी सोडली तर केवळ दरमहा हातात येणारी रक्कम जात नाही. भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीसाठी मोजली जाणारी सलग सेवा, कंपनीकडून मिळणारा आरोग्यविमा आणि दोन वर्षांनी परतताना मिळणारी जागा, एवढे सगळे त्या निर्णयाला जोडलेले असते. तुम्हाला स्वतःला दोन वर्षे मुलीबरोबर घरी राहावेसे वाटत असेल तर ती इच्छा पूर्ण मानाची आहे आणि तिला हिशेबाचा आधार लागत नाही. पण तुमच्या पत्रात तशी इच्छा कुठे दिसली नाही. दिसली ती फक्त धास्ती.

आता बाई की पाळणाघर. घरात दुसरे मोठे माणूस नसेल आणि तुम्ही दोघेही दहा-अकरा तास बाहेर असाल, तर एक वर्षाच्या आतील मुलासाठी माझा कल घराजवळच्या लहानशा, चांगल्या पाळणाघराकडे आहे. बंद दारामागे एकटी बाई आणि एकटे मूल, असा दहा तासांचा दिवस त्या बाईसाठीही फार कठीण असतो. तिला जेवायला, अंघोळीला, पाठ टेकायला उसंत मिळत नाही, मूल रडत राहिले तर क्षणभर दुसऱ्याच्या हाती देता येत नाही आणि ती आजारी पडली की त्याच दिवशी तुमच्यापैकी एकाची रजा पडते. पाळणाघरात निदान दोन-तीन जणी असतात आणि एकीचे दुसरीकडे लक्ष असते. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिले काही महिने सर्दी-खोकला सतत लागून राहतो आणि ताप असलेले मूल पाळणाघर घेत नाही, घेऊही नये. त्यामुळे तापाच्या दिवशी कोण घरी राहणार, याची पाळी आत्ताच ठरवून ठेवा आणि ती खरोखर पाळीच असू द्या. पाळणाघर ऑफिसजवळ न घेता घराजवळ घ्या. हिंजवडीच्या वाहतुकीत मुलीला रोज दोन वेळा बसवण्याचे कारण नाही, आणि घराजवळ असले म्हणजे तिला आणण्याचे काम आपोआप तुमच्या एकटीच्या वाट्याला येत नाही.

माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना, १९९२ साली, मी तिला सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत चालणाऱ्या पाळणाघरात ठेवू लागले. दारामागे खिळ्यांची एक ओळ होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेका मुलाची कापडी पिशवी अडकवलेली असे. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी प्रत्येक पिशवीच्या बंदावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घातला होता. माझ्या मुलीचा हिरवा. पिशवीत घडी केलेल्या दुपट्यांबरोबर एक चाळीस पानी वही असे आणि तिच्यात रोज काकूंच्या तिरप्या अक्षरात लिहिलेले असे : ‘१२.१० वरणभात अर्धी वाटी, शेवटचे दोन घास नको म्हणाली. १ ते २.३५ झोप. शी एकदा, जरा पातळ. आज खिडकीतल्या चिमणीला हाक मारली.’ ती वही मी परतीच्या पीएमटी बसमध्ये उभ्याने वाचत असे. मुलीचा जो दिवस मी पाहिला नव्हता, तो त्या चार ओळींतून माझ्या हाती येत होता. आज मुलीला स्वतःचे मूल आहे आणि ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

हे सांगण्याचे कारण असे की पाळणाघर पाहायला जाल तेव्हा भिंतीवरची रंगीत चित्रे आणि खेळण्यांची संख्या पाहून मत बनवू नका. आगाऊ न कळवता एकदा दुपारी एकच्या सुमारास आणि एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास जा, म्हणजे जेवणाची आणि दमलेल्या मुलांची वेळ पाहायला मिळेल. रडणाऱ्या मुलाकडे किती वेळात कोण वळते, ते पाहा. एका मावशीकडे दोन वर्षांखालील किती मुले आहेत, ते विचारा. माझ्या मते तीन, फार तर चार. जी मुले येतात त्यांच्या आयांशी फाटकाबाहेर बोला. आणि दिवसाची नोंद ठेवतात का, हे आवर्जून विचारा, मग ती वहीत असो की मोबाइलवर. बाईच ठेवायची ठरली तरी हीच अपेक्षा ठेवता येते; लिहिता येत नसेल तर ती दुपारी एकदा आवाजी संदेश पाठवू शकते.

मूल कोणाकडेही द्या, काही गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगा. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, बाळगुटीतूनही नाही. फोन करून विचारल्याशिवाय तापाचे औषध द्यायचे नाही. झोपवताना पाठीवर झोपवायचे. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा तोंडात द्यायचा नाही, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. बाळ कितीही रडले, आपला कितीही संताप झाला, तरी त्याला गदगदा हलवायचे नाही. सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटे बाजूला व्हायचे आणि तुम्हाला फोन करायचा. हे शेवटचे वाक्य बाईला विश्वासात घेऊन सांगा. तिला संताप येऊ शकतो हे तुम्ही मान्य केलेत, तर तशी वेळ आल्यावर ती तुम्हाला लपवून न ठेवता सांगेल.

वेळेचाही विचार करा. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुले अनोळखी माणसाला घाबरू लागतात आणि आई नजरेआड झाली की कासावीस होतात. रजेचे शेवटचे तीन आठवडे हातात असतानाच सुरुवात करा. पहिले काही दिवस तासभर, तुम्ही तिथे बसून; नंतर दोन तास, तुम्ही बाहेर जाऊन; मग जेवण आणि झोप यांसह अर्धा दिवस. निघताना मुलीची नजर चुकवून पळू नका. तिला सांगून, हात हलवून निघा, भले ती रडो.

कंपनीकडेही मागण्यासारखे काही आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. कामाचे स्वरूप तसे असल्यास परस्परसंमतीने रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. तुमच्या मनुष्यबळ विभागाला याविषयी तोंडी न विचारता ईमेलने विचारा.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. त्यांचा विरोध मोडून काढण्याऐवजी त्यामागची काळजी ऐकून घ्या. त्यांच्या काळी तान्हे मूल आत्या, काकू, मोठी चुलत बहीण, शेजारच्या आजी यांच्या कडेवर वाढत होते, ते एकट्या आईच्या हाती कधीच नव्हते. फक्त ते सगळे हात ओळखीचे होते. पहिले पंधरा दिवस त्यांना पुण्याला बोलवा, उचलण्याचे कोणतेही काम देऊ नका, पाळणाघरात मुलीबरोबर बसू द्या. त्यांना काही खटकले तर ते तुमच्याही कामाचे असेल. आणि हे बोलणे त्यांच्या मुलाने त्यांच्याशी करावे, तुम्ही नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे पोळी-भाजीला एक, धुणी-भांड्यांना एक आणि मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून संध्याकाळपर्यंत सांभाळायला एक, अशा तिघी येतात. मीही सांगितलेले काम कधी टाळत नाही, रविवारी भाजी आणतो, मुलाचा अभ्यास घेतो. तरीही बायको सतत थकलेली आणि चिडलेली असते. परवा ती म्हणाली, ‘मला मदतनीस नको, जोडीदार हवा.’ मी आणखी काय करावे, हे प्रामाणिकपणे विचारतो आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही प्रामाणिकपणे विचारले आहे म्हणून मीही एक सरळ प्रश्न विचारते. सकाळी पावणेसात वाजता ‘आज येणार नाही’ हा पोळ्यांच्या मावशींचा फोन तुमच्या घरी कोणाला येतो?

तो फोन ज्याला येतो, त्याची सकाळ तिथेच बदलते. कणीक मळायची की डब्याला भात करायचा, मुलाच्या शाळेत आज कोरडा खाऊ चालतो का, कालची उसळ पुरेल का, ट्रेन चुकेल का, मावशी उद्या तरी येतील का आणि आल्या नाहीत तर कोणाला सांगायचे, हे सगळे दात घासता घासता त्या एका डोक्यात सुरू होते. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : व्यवधान. पोळ्या लाटायला बाई मिळते, पण पोळ्या होणार की नाही याचे व्यवधान बाई घेत नाही. तिघींना कामावर ठेवल्याने तुमच्या पत्नीचे हातांचे काम कमी झाले असेल, परंतु तिघींच्या येण्या-जाण्याच्या वेळा, खाडे, पगार, उचल, रुसवे-फुगवे आणि तिघींना लागणारे सामान यांचे व्यवधान नव्याने तिच्या माथी आले आहे. ‘सांगितलेले काम टाळत नाही’ या तुमच्या वाक्यातच अडचण आहे. सांगावे लागते, म्हणजे लक्षात ठेवण्याचे काम तिचे.

तुम्ही एकटे तसे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. आणि ही मोजणी फक्त प्रत्यक्ष कामाच्या वेळेची आहे. लोकलमध्ये उभे राहून उद्याच्या डब्याचा विचार केला, तो यात कुठेच येत नाही.

तेव्हा सुटी कामे मागू नका, अख्खी खाती घ्या. माझी सूचना अशी की तिन्ही बायकांना या आठवड्यात तुमचा मोबाइल क्रमांक द्या आणि सांगा, ‘यापुढे येणार नसाल तर मला फोन करा, पगारही मीच देईन.’ त्यानंतर फोन आल्यावर तो निरोप पत्नीला न सांगता त्याचा निकाल स्वतः लावा. सुरुवातीला मावशी सवयीने ‘ताईंनाच विचारते’ म्हणतील. त्यांना नम्रपणे सांगा की ताईंना विचारायचे नाही. दुसरे खाते शाळेचे घ्या : पालकांच्या गटावरचे निरोप, गणवेश, सहलीचे पैसे, शाळेच्या बसचालकाचा फोन, लसीच्या तारखा. आणि एक गोष्ट तुमच्या पत्नीलाही, या निमित्ताने पत्रातून, सांगते. ताई, खाते दिल्यावर त्यात हात घालू नका. भाजी थोडी वेगळी येईल, डबा एखाद्या दिवशी साधा जाईल, ते चालू द्या; नाहीतर खाते महिन्याभरात परत तुमच्याकडे येईल आणि दोघेही दुखावलेले असाल.

प्रश्न : माझे वय ६४. मुलगा आणि सून दोघेही नोकरीत, म्हणून नातू झाला तेव्हापासून चार वर्षे मी खारघरला त्यांच्याकडे आहे. यजमान नाशिकला घरी एकटे असतात, डबा लावला आहे. आता दुसरे बाळ येणार आहे. मुलगा म्हणतो, ‘आई आहे म्हणून आम्हाला काळजी नाही.’ मला नातवंडे जीव की प्राण आहेत, पण संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. नाही म्हटले तर मी स्वार्थी ठरेन का? – एक आजी

उत्तर : नाही, आजी. तुम्ही चार वर्षे एक पूर्णवेळ काम केले आहे, पगाराशिवाय, रजेशिवाय आणि स्वतःचा संसार अर्धा सोडून. ‘आई आहे म्हणून काळजी नाही’ हे मुलाने कौतुकाने म्हटले असले, तरी त्याची काळजी नाहीशी झालेली नाही. ती तुमच्या कंबरेवर आली आहे.

बाळ येण्याआधीच बोला, कारण बाळंतपणाच्या धांदलीत हे बोलणे होणार नाही आणि मग आणखी चार वर्षे जातील. सुनेशी आडून न बोलता मुलाला समोर बसवून सांगा की मी काय करीन आणि काय करणार नाही. उदाहरणार्थ, बाळंतपणानंतरचे दोन महिने मी पूर्ण थांबेन. त्यानंतर दर महिन्याचे पंधरा दिवस नाशिकला राहीन. खारघरला असताना रात्रीची जाग मी घेणार नाही आणि दिवसा बाळाला उचलायला, अंघोळ घालायला बाई असेल, मी फक्त सोबत असेन. मोठा आता चार वर्षांचा आहे, तो बालवर्गातून परतल्यावर दोन-तीन तास पाळणाघरात राहू शकतो. तारखा सांगून बोला. ‘बघू, जमेल तसे’ असे म्हटलेत, तर सगळेच तुम्हाला जमते असे धरले जाईल. नाशिकला एकटे जेवणारे तुमचे यजमान पत्रात एका ओळीत आले आहेत, पण ते या प्रश्नातले सर्वांत थोडे बोलणारे माणूस आहेत. त्यांना काय हवे आहे, हेही एकदा विचारा.

प्रश्न : मुलाला सांभाळणाऱ्या ताईंवर लक्ष ठेवायला घरात कॅमेरा बसवावा का? आणि खाड्याचे पैसे कापावेत का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कॅमेरा बसवायचा तर त्यांना सांगून, दाखवून बसवा, आणि जिथे त्या कपडे बदलतात किंवा दुपारी आडव्या होतात तिथे मुळीच नको. चोरून बसवलेला कॅमेरा एके दिवशी लक्षात येतोच आणि त्या दिवशी चांगली बाई काम सोडते. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस ठाण्यातील नोंदणी यांसाठीही आधी विश्वासात घ्यावे, म्हणजे त्याचा अपमान वाटत नाही. १४ वर्षांखालील मुलीला अशा कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि घरकामात मुले ठेवण्यावर तर २००६ पासूनच बंदी आहे. ‘गावाकडची आहे, शिकेल, चार घास खाईल’ असे सांगून कोणी मुलगी आणून देत असेल तर स्पष्ट नकार द्या आणि १०९८ या क्रमांकावर कळवा.

खाड्याविषयी : आठवड्याची एक सुट्टी, आजारपणाच्या आणि सणाच्या ठरलेल्या सुट्ट्या भरपगारी धरा, दिवाळीला एक महिन्याचा पगार द्या आणि हे सगळे कामाच्या पहिल्या दिवशी कागदावर लिहून दोघींकडे एकेक प्रत ठेवा. ठरलेल्या सुट्ट्या संपल्यानंतरच कापण्याचा विषय निघावा. तुमच्या नोकरीत आजारी पडल्यावर पगार कापला जात नसेल, तर तीच सोय तुमच्या घरी नोकरी करणाऱ्या बाईला मिळायला हवी. आणि तुम्ही मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाता तेव्हा त्यांचा पगार चालू ठेवा. कुलूप तुम्ही लावता, खाडा त्यांचा नसतो.

प्रश्न : माझी आई कोथरूडमध्ये सहा घरी धुणी-भांडी आणि पोळ्या करते. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिला आठ दिवस ताप होता. एका घरी आठही दिवसांचे पैसे कापले आणि दुसऱ्या घरी तिच्या जागी दुसरी बाई ठेवून टाकली, नऊ वर्षांच्या कामानंतर, फोनवर. तुमच्या सदरात नेहमी बाई ठेवणाऱ्यांचे प्रश्न येतात, म्हणून हे लिहिले. आम्ही काय करू शकतो? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुझे पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुझा आक्षेप खरा आहे आणि तुझे उत्तर मी शेवटी ठेवले आहे ते यासाठी की बाकीच्या चारही उत्तरांनंतर ते वाचले जावे.

तुझ्याच शहरात १९८० साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला होता. पगारवाढ आणि सुट्टी या त्यांच्या मागण्या होत्या आणि त्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज आपण ज्याला रीत म्हणतो, दिवाळीचा बोनस, महिन्याच्या ठरावीक सुट्ट्या, त्यामागे अशा स्त्रियांचा झगडा आहे. आईला आणि तिच्या वस्तीतल्या मैत्रिणींना जवळच्या एखाद्या संघटनेशी जोडून घ्यायला सांग. नऊ वर्षांच्या कामानंतर फोनवर काढून टाकणाऱ्या घरी एकट्या बाईने जाऊन बोलणे अवघड असते; चौघी मिळून गेल्या तर निदान ऐकून घेतले जाते आणि पुष्कळदा महिन्याचा पगार तरी मिळतो.

कायद्याची बाजू अशी. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करणारा कायदा २००८ सालचा आहे. त्याखाली १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगाराला नोंदणी करता येते आणि मंडळाच्या योजना नोंदणी झालेल्यांनाच मिळतात. अर्ज कामगार आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयात होतो. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर, जे ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले, तिची वेगळी नोंदणी होते. तीही करून घे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ म्हणून राहते घरही धरले आहे आणि घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तुझ्या आईवर तशी वेळ येऊ नये, पण वस्तीतल्या मुलींना हे ठाऊक असावे. मात्र कापलेले आठ दिवसांचे पैसे परत मिळवून देईल असा सोपा अर्ज मी तुला सांगू शकत नाही, आणि ही उणीव मला फार बोचते.

मंडळाच्या नोंदणीसाठी आई घरकाम करते असे ज्या घरी ती काम करते त्या घरमालकाने लिहून द्यावे लागते. पुष्कळ अर्ज इथे अडतात, कारण घरमालकांना वाटते की सही केली तर आपल्या मागे काहीतरी लागेल. पोळ्यांच्या मावशींच्या भरवशावर रोज सकाळी साडेसात वाजता घराबाहेर पडणाऱ्या माझ्या सर्व वाचकांना मी विनंती करते की त्या तुमच्याकडे काम करतात एवढे खरे वाक्य लिहून खाली सही करा, आणि त्यांनी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून विचारा.

तू आईच्या उरलेल्या पाच घरांपैकी जिथे माणसे समंजस आहेत अशा घरापासून सुरुवात कर. पत्र तूच आधी मराठीत लिहून ने, म्हणजे त्यांना फक्त सही करायची राहील. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे यांच्या दोन-दोन प्रती बरोबर ठेव आणि शक्य झाल्यास कॉलेजला सुट्टी असेल त्या दिवशी आईबरोबर स्वतः कार्यालयात जा. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. आईला आता बरे आहे का आणि सुटलेल्या घराच्या जागी काम मिळाले का, ते मला पुढच्या पत्रात नक्की कळव.